पाटीवरचा सराय: राजवाडा का सरपणाची शेड?

प्रकरण बिश्केकचं आहे, म्हणजे किरगिझस्तानच्या राजधानीचं. तिथे कोजोमकुल नावाच्या जुन्या किरगिझ पैलवानाच्या नावाने एक मोठं क्रीडागृह आहे (हा माणूस म्हणे इतका धिप्पाड होता की घोडा खांद्यावर उचलायचा, १९५५ साली वारला, त्याच्या गोष्टी अजून सांगतात). त्या क्रीडागृहाचं नाव दोन भाषांत चालतं, कारण देशाची राज्यभाषा किरगिझ आणि रशियनलाही अधिकृत भाषेचा दर्जा. रशियन नावात येतं द्वोरेत्स स्पोर्ता, म्हणजे शब्दशः खेळाचा राजवाडा. किरगिझ नावात येतं स्पोर्त सरायी. दोन्ही नावं सिरिलिक लिपीतच, म्हणजे रशियन ज्या लिपीत लिहितात तिच्यात.

आता माझा भाचा तिकडे एमबीबीएसला आहे. आपल्याकडची बरीच मुलं आहेत तिथे, लातूर, नांदेड, नाशिक, सगळीकडची. शिकवणं इंग्लिशमधे असलं तरी पुढे हॉस्पिटलमधे पेशंटशी बोलायला रशियन लागतं म्हणून पहिल्या वर्षापासून रशियनचे तास असतात आणि लिपीपण त्यातूनच शिकतात. त्या तासाला घराविषयीचे शब्द झाले, दार, खिडकी, जिना, आणि त्यात सराय आला, अर्थ दिला होता शेड, घरामागची, सरपण, कोळसा, मोडक्या सायकली टाकायची. मग स्वारीने त्या क्रीडागृहाची दोन भाषांतली पाटी वाचली आणि मला विचारलं, मावशी, हे लोक स्वतःच्या स्टेडियमला अडगळीची शेड का म्हणतात?

प्रश्न चांगलाच होता, मला आवडला. पण त्याला वर्गातल्या कुणीतरी आधीच उत्तर देऊन टाकलं होतं की किरगिझ भाषेत शब्दच कमी आहेत, मोठ्या इमारतीला वेगळा शब्द नाही, म्हणून शेड तर शेड. हे उत्तर मला मनापासून खटकलं, म्हणून हे सगळं नीट लिहून काढतेय. कारण खरं जे आहे ते बरोबर उलटं आहे, किरगिझ ओळीत जो शब्द आहे तो राजवाड्याचाच आहे, शेकडो वर्षं खानांच्या राजधानीला शोभलेला, आणि शेड झाला तो रशियनमधे.

आधी शब्द दिसतो कसा ते बघा. पहिलं अक्षर रोमन सी सारखं पण उच्चार स. मग अ. मग रोमन पी सारखं दिसणारं अक्षर, त्याचा उच्चार र. परत अ. आणि शेवटी उलटा काढलेला एन, त्याच्या डोक्यावर छोटीशी चंद्रकोर, तो य. झाला सराय. रशियन, किरगिझ, कझाख, तातार, बल्गेरियन या सगळ्यांत हीच पाच अक्षरं, याच क्रमाने. सर्बियन आणि मॅसेडोनियनमधे शेवटचं अक्षर तेवढं वेगळं, तिथे य साठी रोमन जे सारखं चिन्ह वापरतात. ताजिक आणि उझ्बेक सिरिलिकमधे दुसऱ्या अ च्या जागी ओ येतो, सरोय, कारण फारसीतला दीर्घ आ त्यांच्या तोंडी ओ कडे झुकतो. आणि बाश्कीर भाषेत, म्हणजे उरल पर्वताकडच्या उफा शहराच्या बाजूला, शब्दाच्या सुरुवातीचा स चा ह होतो म्हणून तिथे हराय. सिंधूचं हिंदू झालेलं आपल्याला माहीतच आहे, तसाच प्रकार.

किरगिझमधे सरायचे दोन्ही अर्थ चालतात हे आधीच सांगून टाकते. खेड्यात कुणी म्हणालं की गवत सरायमधे टाक तर ती शेडच. पण स्पोर्त सरायी या जोडशब्दात, शेवटी तो ई लागलाय ना, तो म्हणजे आपला चा-ची-चे, खेळाचा सराय, तिथे अर्थ राजवाडा, आणि कुठल्याही किरगिझ माणसाला तिथे शेड आठवत नाही. आपण शनिवारवाडा म्हणताना कुणाला मेंढरांचा वाडा आठवत नाही तसंच. या वाड्याकडे मी परत येणार आहे कारण माझ्या मते सगळी किल्ली तिथेच आहे.

कझाखमधे तर सराय फार मानाने राहतो. अस्तानाला तौएल्सिज्दिक सरायी आहे, स्वातंत्र्याचा राजवाडा. काचेचा मोठा पिरॅमिड आहे नॉर्मन फॉस्टर यांनी डिझाईन केलेला, २००६ चा, शांतता आणि सलोख्याचा राजवाडा, त्याच्याही कझाख नावात सरायी आणि रशियन नावात द्वोरेत्स. अतिराउच्या बाजूला उरल नदीकाठी सरायशिक नावाच्या मध्ययुगीन शहराचे अवशेष आहेत, शेवटचा शिक म्हणजे छोटं, छोटा सराय, नोगाय टोळ्यांची राजधानी होती ती आणि १५८० च्या सुमाराला कोसॅकांनी उद्ध्वस्त केली. पण मला सगळ्यात आवडतो तो कझाखांचा रोजच्या बोलण्यातला वाक्प्रचार, जान सरायी. जान म्हणजे आपलीच जान, जीव, आणि जान सरायी म्हणजे जिवाचा राजवाडा, माणसाचं आतलं जग. डोंगरात जाऊन आलं, चांगलं गाणं ऐकलं की कझाख माणूस म्हणतो माझा जान सराय उघडला. आता जो सराय फक्त रशियन डिक्शनरीतून शिकलाय तो याचा अर्थ काय लावेल, जिवाची शेड उघडली? असं भाषांतर कुणी केलं तर त्या भाषेवर किती अन्याय होईल बघा.

क्रिमियात बख्चिसराय आहे, बाग आणि राजवाडा, क्रिमियन तातार खानांची राजधानी. तिथल्या खानाच्या राजवाड्याला रशियनमधे खान्स्की द्वोरेत्स म्हणतात आणि क्रिमियन तातारांच्या भाषेत खान सराय. इथेही तेच, एका ओळीत द्वोरेत्स दुसरीत सराय. १९४४ साली क्रिमियन तातारांना सगळ्यांना एकदम हद्दपार केलं आणि मग गावांचीही नावं सपाट्याने बदलली पण बख्चिसराय हे नाव टिकलं. म्हणजे रशियन बोलणारा माणूस हे नाव म्हणताना रोज सराय म्हणतो आणि त्याला त्यात शेड दिसत नाही, कारण गावाचं नाव म्हणून कानाला सवय झालीय.

बाल्कनमधे शब्द तुर्कीतून, ऑटोमन लोकांबरोबर आला, त्यामुळे तिथे तो कायम साहेबाच्या बाजूचा. बल्गेरियनमधे सराय म्हणजे सुलतानी काळातला राजवाडा, किंवा कुणी पैसेवाल्याने बांधलेलं भलंमोठं घर. उत्तर मॅसेडोनियात रेसेन नावाच्या छोट्या गावात एक सराय आहे, फ्रेंच थाटाचा, अहमद नियाझी बे या ऑटोमन अधिकाऱ्याचा, तोच जो १९०८ च्या तरुण तुर्कांच्या उठावात पुढे होता, आता तिथे सांस्कृतिक केंद्र चालतं. स्कोप्येच्या एका भागाचं नावच सराय आहे. आणि सारायेव्हो! पहिलं महायुद्ध शाळेत शिकताना आपण सगळ्यांनी ते नाव घोकलेलं असतं पण त्यात सराय बसलाय हे कुणी सांगत नाही. १४६० च्या आसपास इसा बेग इशाकोविच या ऑटोमन सुभेदाराने तिथे आपला सराय बांधला आणि आजूबाजूला शहर वाढलं. शेवटचा एव्हो कुणी तुर्की ओवा म्हणजे मैदान या शब्दाशी जोडतात, कुणी स्लाव्हिक गावांच्या नावातला प्रत्यय म्हणतात. तिथल्या रहिवाशाला सरायलिया म्हणतात आणि तुर्कीत सरायली म्हणजे राजवाड्यातली व्यक्ती. शहरातला फेरीवालासुद्धा शब्दाच्या हिशोबाने दरबारी, मस्तच आहे ना.

शब्द मूळचा फारसी. जुन्या फारसीत सराय म्हणजे घर, दालन, राहायची बंदिस्त जागा, राजाची असेल तर राजवाडा आणि वाटसरूंची असेल तर कारवाँसराय. आपल्याकडे भारतात हाच दुसरा अर्थ रुजला, मुगलसराय, दिल्लीची सराय काले खाँ, वांद्र्याहून गाडीने गेलं की उतरायचं ते सराय रोहिल्ला. अजिंठ्याला जाताना फर्दापूरला मुघल काळातली मोठी सराय आहे, चारी बाजूंनी खोल्यांची रांग आणि मधे मोकळं अंगण, तो नकाशा डोळ्यासमोर ठेवा, पुढे कामाला येईल. (लग्नसराईतला सराई म्हणजे मोसम, तो इथे धरायचा नाही.) व्युत्पत्तिकोश हा फारसी शब्द साधारणपणे इराणी भाषांतल्या रक्षण करणे या धातूशी जोडतात, संस्कृतात त्याचा भाऊ म्हणजे त्रै, त्रायते, ज्यातून त्राता आणि परित्राणाय येतं. म्हणजे मुळात सराय म्हणजे आसरा, वारापाऊस, उन्हातान्हात आणि चोरांपासून सांभाळणारी जागा. राजवाडा हा त्यातला एक प्रकार फक्त.

ताजिकमधे एक गंमत आणखी आहे आणि ती शब्दाच्या मुळाचीच आहे. ताजिक म्हणजे सिरिलिकमधे लिहिलेली फारसीच, म्हणजे या शब्दाचं माहेर. पण तिथे आज मोठ्या सरकारी राजवाड्याला सरोय म्हणत नाहीत, राजधानी दुशान्बेला राष्ट्राध्यक्षांची जागा कस्री मिल्लत आहे, कस्र हा अरबी शब्द, आणि दुसरा भव्य राजवाडा कोखी नवरूज. सरोय उरला तो कोर्वोनसरोयसारख्या जुन्या शब्दांत. बरं, त्याच भाषेत सराय असाच आवाज असलेलं दुसरं मूळ आहे आणि त्याचा घराशी काही संबंध नाही, ते आहे गाण्याचं. सुरूद म्हणजे गाणं, राष्ट्रगीतालाही सुरूदी मिल्ली म्हणतात, गायकाला म्हणतात सरोयंदा. याचा धातू आपल्या श्रु, श्रवण याच्याशी नात्यातला, ऐकवणे म्हणजे गाणे. म्हणजे ताजिक पानावर सरोय अशी अक्षरं दिसली की आधी बघायचं घर आहे का गाणं, एक आपल्या त्राता कडून आलंय आणि एक श्रवणाकडून. दोन वेगळ्या नद्या एका ठिकाणी सारख्या दिसायला लागल्या. ताजिक डिक्शनरी हातात नसताना नुसत्या रशियनच्या जोरावर तिथे शिरलात तर ना घर हाती लागणार ना गाणं.

आता मुख्य प्रश्न. रशियनमधे राजवाड्याची शेड झाली कशी?

याचं एक उत्तर खूप फिरतं, ऐकायला भारी आहे. रशियनांना जिंकणाऱ्या मंगोल बातू खानाने तेराव्या शतकाच्या मध्यात व्होल्गाच्या खालच्या अंगाला, आजच्या आस्त्राखान प्रांतात, राजधानी वसवली तिचं नावच सराय. रशियन राजपुत्रांना गादीवर बसायची सनद घ्यायला तिथे जावं लागायचं, नजराणे घेऊन, मान खाली घालून, कुणी जिवंत परत यायचं कुणी नाही. इब्न बतूता १३३० च्या दशकात तिथे गेला आणि शहर केवढं अफाट आहे ते त्याने लिहून ठेवलंय. १२६१ पासून तिथे रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचा बिशपसुद्धा बसायचा. १३९५ ला तैमूरने शहर लुटलं, पुढे शंभरेक वर्षांत ते संपलंच. सोळाव्या शतकात आस्त्राखानचा किल्ला बांधताना झारच्या माणसांनी या सरायच्या पडक्या मशिदी आणि वाड्यांच्या विटा उचलून नेल्या, आणि त्या चांगल्या भाजलेल्या चौकोनी विटा होत्या, कामाच्या. तर गोष्ट अशी सांगतात की दोन-अडीचशे वर्षं अपमान सोसलेल्या रशियनांनी सूड म्हणून खानाच्या राजवाड्याचा शब्द घेऊन आपल्या गवताच्या शेडला लावला.

मला ही गोष्ट पटत नाही. एक तर भाषा अशी ठरवून सूड घेत नाही, खेड्यातला शेतकरी आपल्या शेडला नाव देताना दोनशे वर्षांपूर्वीचा राजकीय हिशोब करत बसत नाही. दुसरं म्हणजे शेडचा अर्थ फक्त रशियनमधे असता तर एकवेळ मानलं असतं, पण तो किरगिझमधे आहे, तातारमधे आहे, ज्यांना सरायवर सूड उगवायचं काही कारण नव्हतं (हां, त्यातला काही भाग रशियनमधून परत गेला असेल, शेजारी आहेत, देवाणघेवाण होतेच). आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं, माल ठेवायची जागा हा अर्थ इराण-अफगाणिस्तानातच जुना आहे. तेहरानच्या बाजारात घाऊक मालाच्या अंगणांना सराय म्हणतात. काबूलचा पैसे बदलायचा मोठा बाजार सराय शाहजादा, तिथे कुठला राजवाडा नाही, मधे अंगण आणि भोवती गाळे. फर्दापूरचा नकाशा आठवा, चारी बाजूंना छप्पर, खाली माल, जनावरं, माणसं. व्यापारी जेव्हा सराय म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर हे असतं, सिंहासन नसतं. आणि व्होल्गावर रशियन लोकांचा जास्तीत जास्त संबंध कुणाशी आला तर व्यापाऱ्यांशी.

पण तरी प्रश्न उरतो की रशियनने राजवाड्याचा अर्थ घेतलाच का नाही, तोही समोर होताच की. याचं उत्तर मला रशियनच्या स्वतःच्या द्वोर या शब्दात दिसतं.

द्वोर म्हणजे अंगण, आवार, कुंपणाच्या आतली जागा. आपल्या द्वार आणि दार या शब्दांच्या नात्यातला. या एका शब्दातून रशियनने काय काय केलं बघा. झारचा दरबार म्हणजे द्वोर. राजवाडा म्हणजे द्वोरेत्स. वाटसरूंची उतरायची जागा म्हणजे पोस्तोयाली द्वोर. गुरांची जागा म्हणजे स्कोत्नी द्वोर. म्हणजे राजवाडा, धर्मशाळा आणि गोठा, तिन्ही एकाच शब्दाच्या घरात. आणि सराय या शब्दाचे जगभरचे अर्थ मोजा, तेही हेच तीन. दोन शब्दांचा पसारा अगदी सारखा. मग सराय जेव्हा रशियनच्या दारात आला तेव्हा राजवाड्याची जागा भरलेली, धर्मशाळेची भरलेली, राहिली ती एकच जागा ज्यासाठी नेमका शब्द हवा होता, चुलीशिवायची, छप्पर असलेली, माल, लाकडं, घोडागाडी ठेवायची मोठी इमारत. त्या रिकाम्या जागेत तो बसला. कारेत्नी सराय म्हणजे बग्गीखाना, सेन्नोय सराय म्हणजे गवताची शेड, द्रोव्यानोय सराय म्हणजे सरपणाची. सूड नाही आणि अपमान नाही, जागा मिळेल तिथे बसलेला पाहुणा.

आणि मराठी माणसाला हे पटायला जड जाऊ नये. आपला वाडा घ्या. पेशव्यांचा शनिवारवाडा, सरदारांचे चौसोपी वाडे. कुंभारवाडा, कोळीवाडा म्हणजे वस्ती. धनगराचा मेंढरांचा वाडा म्हणजे काट्याकुट्याचं कुंपण, आणि कोकणात कित्येक ठिकाणी गुरं बांधायच्या जागेला अजून वाडाच म्हणतात. उद्या कुणी परदेशी माणूस फक्त कोकणातल्या एखाद्या घरी वाडा शब्द शिकला आणि पुण्यात येऊन म्हणाला की हे लोक आपल्या पेशव्याला गुरांच्या गोठ्यात ठेवायचे, शब्द कमी असतील बिचाऱ्यांकडे, तर आपल्याला कसं वाटेल? तेच किरगिझ माणसाला वाटतं.

या द्वोरच्या मुद्द्याला एक जुना साक्षीदार आहे आणि तो चक्क आपल्याकडे येऊन गेलेला. अफनासी निकितिन, रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी, पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, बहामनी काळात, चौलला उतरला, तिथून जुन्नरला गेला, पावसाळा तिथे काढला, जुन्नरच्या खानाने त्याचा विकायला आणलेला घोडा काढून घेतला आणि धर्म बदल मग देतो म्हणाला, कसाबसा सुटला आणि पुढे बिदरला गेला. रेवदंड्याला त्याच्या आठवणीचा स्तंभही आहे. त्याने सिरिलिकमधे लिहिलेल्या टिपणांत मधेच तुर्की, फारसी, अरबी शब्दांची सरमिसळ येते, म्हणजे या भाषा त्याच्या कानावरून गेलेल्या होत्या हे नक्की. येताना तो व्होल्गावरून त्या सरायवरूनच आला, काझान ओलांडलं, सराय ओलांडलं असं लिहितो, पण तिथे सराय म्हणजे गावाचं नाव. मग आपल्याकडच्या उतरायच्या जागांबद्दल लिहिताना, जिथे व्यापारी मुक्काम करतात आणि तिथल्या बायका त्यांना रांधून घालतात, तो शब्द वापरतो पोदवोर्ये. आणि बिदरच्या सुलतानाच्या राजवाड्याबद्दल लिहितो, त्याला सात दरवाजे, दरवाज्यांत शंभर पहारेकरी आणि शंभर कारकून बसलेले, तेव्हा शब्द वापरतो द्वोर. फारसी लिहिणाऱ्या माणसाने या दोन्ही ठिकाणी आरामात सराय लिहिलं असतं. निकितिनला गरजच पडली नाही, त्याच्याकडे घरचा शब्द होता, राजवाड्यालाही आणि धर्मशाळेलाही. रशियनमधे सरायला वरच्या मजल्यावर जागा का मिळाली नाही ते मला या जुन्नर-बिदरच्या ओळींत सगळ्यात स्वच्छ दिसतं.

आता बिश्केकच्या पाटीवर सराय आला कुठून ते थोडक्यात. सोव्हिएत काळात सगळीकडे एक पद्धत होती, छोटं सांस्कृतिक केंद्र असेल तर दोम, घर, आणि मोठं असेल तर द्वोरेत्स. पायोनियर म्हणजे सोव्हिएत बालसंघटनेतल्या मुलांचा द्वोरेत्स, संस्कृतीचा द्वोरेत्स, खेळाचा द्वोरेत्स, लग्न नोंदवायचाही द्वोरेत्स. जुने राजवाडे राजांचे होते, आता लोकांचे, अशी त्यामागची भावना. या नावांचं कझाख, किरगिझ, तातार, बाश्कीर भाषांत भाषांतर करताना दोमला त्यांचा घराचा शब्द लावला आणि द्वोरेत्सला सराय. भाषांतर करणाऱ्यांनी अगदी योग्य शब्द निवडला, खानांच्या काळापासून राजवाड्याला तोच होता. फक्त घोटाळा असा की १९४० च्या आसपास या भाषांची लिपीही सिरिलिक केलेली होती, त्याआधी काही वर्षं लॅटिन आणि त्याआधी अरबी. अरबी लिपीत हा सराय रशियन सरायसारखा दिसलाच नसता. लिपी एक झाली म्हणून दोन लांबचे भाऊ एका पाटीवर जुळे दिसायला लागले, आणि रशियन येणारा प्रत्येक जण किरगिझ ओळ आपल्याला येतेच अशा समजुतीत वाचायला लागला.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं, तुकड्या तुकड्याने, व्हॉइस नोटवर. त्याला कामाची गोष्ट हवी होती, म्हणून तीन सवयी लावून घे म्हटलं. पाटी वाचताना आधी भाषा ओळखायची, मग शब्द. किरगिझमधे रशियनला नसलेली तीन अक्षरं आहेत, आडवी रेघ मारलेला ओ, शेपटी लावलेलं रोमन एच सारखं दिसणारं अक्षर आणि रोमन वाय सारखं दिसणारं उ सारख्या उच्चाराचं एक अक्षर, यातलं एक जरी दिसलं तरी रशियन डिक्शनरी मिटून ठेवायची. एखाद्या छोट्या नावात यातलं कुठलंच अक्षर नसेल, स्पोर्त सरायीत नाहीये, तर शब्दाचं शेपूट बघायचं, तो शेवटचा ई रशियनच्या व्याकरणात तिथे बसत नाही. आणि हॉस्पिटलमधे खेड्यातला म्हातारा पेशंट सरायमधे पडलो म्हणाला तर तो राजवाड्यात पडलेला नाही, जखमेत माती, शेण गेलंय का ते बघून धनुर्वाताचं इंजेक्शन विचारायचं. ही शेवटची सूचना त्याला बरोबर कळली.

ज्याने शब्द कमी असल्याचं सांगितलं होतं त्यालाही त्याने जान सरायी ऐकवलं म्हणे, पण त्याचं काय झालं ते मी विचारलं नाही.

पुढे हा घोटाळा सगळीकडे सारखा राहणार नाही. कझाखस्तानने २०१७ साली लॅटिन लिपीकडे जायचं ठरवलंय, आराखडे बदलत बदलत काम रेंगाळलंय, पण ते पूर्ण झालं तर अस्तानाच्या पाट्यांवर सराय आणि द्वोरेत्स वेगवेगळ्या लिपीत दिसतील आणि रशियन वाचणाऱ्याला शेड आठवायचं कारण उरणार नाही. उझ्बेकिस्तानात १९९३ पासून लॅटिन आहे, तरी सिरिलिकही भरपूर चालतं, त्यामुळे शहरिसब्जला तैमूरने बांधलेला तो प्रचंड ओकसरोय, पांढरा राजवाडा, दोन्ही लिपींत वाचायला मिळतो. तातारस्तानने १९९९ ला लॅटिनचा कायदा केला होता, पण २००२ च्या रशियन कायद्याने तिथल्या प्रजासत्ताकांच्या राज्यभाषांना सिरिलिकच बंधनकारक केलं आणि २००४ ला घटना न्यायालयानेही ते उचलून धरलं. त्यामुळे तातारस्तानच्या राजधानीत, काझानला, जिथे तातार आणि रशियन दोन्ही राज्यभाषा आहेत, तिथे खेळाचा सराय आणि खेळाचा द्वोरेत्स एकाच लिपीत राहणार, आणि त्याच शहरात एखाद्या लाकडी घराच्या मागे सरपणाचा सरायही असणार.